जर, तर आणि मॅक्रो

‘मॅक्रो’ हा शब्द आपल्या कॉलेजात तीन ठिकाणी ऐकू येतो. ऑफिसमध्ये मॅक्रो म्हणजे एक्सेलमधलं रेकॉर्ड केलेलं काम. एक बटण दाबलं की हजेरीचा तक्ता आपोआप रंगतो. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांचा मॅक्रो ऑटोकॅडच्या मेनूत बसलेला असतो, चार कमांड एका क्लिकमध्ये. आणि आम्ही कॉम्प्युटरवाले सी शिकतो तेव्हा हॅश-डिफाइन भेटतो, ज्यावर व्हायवात हमखास प्रश्न येतो. मला आज चौथ्या मॅक्रोबद्दल लिहायचंय. तो आपल्या सिलॅबसमध्ये नाही, प्लेसमेंटला त्याबद्दल कोणी विचारत नाही. पण गेलं अख्खं सेमिस्टर त्यानं माझी झोप उडवलीय (मेसच्या उसळीचा यात वाटा किती, हा वेगळा विषय), म्हणून हा खटाटोप. तो लिस्प नावाच्या भाषेतला मॅक्रो.

लिस्प ही म्हातारी भाषा. जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत १९५८ साली तिच्यावर काम सुरू केलं आणि १९६० मध्ये तिच्यावरचा प्रसिद्ध पेपर छापला. वापरात असलेल्या भाषांमध्ये तिच्याहून जुनी म्हणजे फोरट्रान. १९६३ साली टिमोथी हार्ट यांनी एमआयटीच्या ५७ क्रमांकाच्या एआय मेमोत लिस्पसाठी मॅक्रो सुचवले. पुढे तिची बरीच मुलंबाळं झाली : १९७५ ची स्कीम, १९८४ मध्ये पुस्तकरूपात आलेली आणि १९९४ मध्ये प्रमाण ठरलेली कॉमन लिस्प, ईमॅक्सच्या पोटातली ईमॅक्स लिस्प, २००७ ची क्लोजर. ऑटोकॅडमध्येही १९८६ पासून ऑटोलिस्प आहे. सिव्हिलवाल्यांनी मात्र लगेच खूश होऊ नये, कारण ऑटोलिस्पमध्ये बाकी पुष्कळ काही असलं तरी मी सांगणार आहे तो मॅक्रो नेमका नाही. खालची उदाहरणं कॉमन लिस्पची आहेत.

आधी एक सूचना. आपल्या मराठी विभागाच्या पानांवर रोमन अक्षरं छापत नाहीत, म्हणून इफ, डेफमॅक्रो वगैरे शब्द मी देवनागरीत लिहिलेत. मशीनवर ते शब्द आणि आकडे रोमनमध्येच टाइप करा. ‘जर’, ‘पातळी’, ‘दरवाजे’ हे माझे शब्द मात्र मशीनवरही देवनागरीतच टाइप करायचे. हो, चालतात! एसबीसीएल नावाचं कॉमन लिस्प फुकट मिळतं आणि त्याला युनिकोडची नावं बिनतक्रार चालतात.

लिस्पमध्ये सगळं कंसात असतं. दोन अधिक तीन असं लिहितात :

(+ २ ३)

कंसातला पहिला शब्द म्हणजे काय करायचं, बाकीचे म्हणजे कशावर करायचं. संपलं व्याकरण! पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण कंसांना हसतो. मॅकार्थींच्या मनातसुद्धा माणसांसाठी वेगळी, सुटसुटीत लिखावट आणायची होती. ती कधी पूर्ण झालीच नाही आणि लोकांना कंसच आवडायला लागले. कारण कंसात लिहिलेली ओळ ही लिस्पच्या दृष्टीनं एक यादी असते. आणि याद्या जोडणं, तोडणं, उलटणं हेच तर लिस्पचं मुख्य काम. म्हणजे प्रोग्रॅम हाच डेटा. एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमची ओळ हातात घेऊन तिची मोडतोड करू शकतो. ही मोडतोड करणारा, म्हणजे एक ओळ घेऊन तिच्या जागी दुसरी ओळ लिहून देणारा प्रोग्रॅम म्हणजे मॅक्रो.

सीचा मॅक्रोही एकाच्या जागी दुसरं लिहितो, पण डोळे मिटून. वर्ग(क्ष) म्हणजे क्ष*क्ष असं ठरवून वर्ग(२+३) विचारलं की तो २+३*२+३ लिहितो आणि उत्तर २५ च्या ऐवजी ११ येतं. त्याला फक्त अक्षरं दिसतात. लिस्पच्या मॅक्रोच्या हातात (+ २ ३) हा अख्खा कंस येतो, तो सुटत नाही.

मॅक्रो आणि फंक्शन यांतला फरक मला पुस्तकापेक्षा मुरबाडच्या तहसील कचेरीबाहेर जास्त नीट दिसतो. (माझी रूममेट मुरबाड तालुक्यातली. तिच्या घरच्या जमिनीच्या कामांच्या गोष्टी आमच्या रूमवर रात्री अकरानंतर चालतात.) बँकेतल्या कॅशियरकडे जाऊन तुम्ही ‘काकांकडून येणारे पैसे भरायचेत’ म्हणालात तर तो म्हणेल, आधी आणा, मोजून काउंटरवर ठेवा. हे फंक्शन. त्याला शब्द चालत नाहीत, किंमत लागते. तुम्ही दिलेलं प्रत्येक काम आधी पुरं होतं आणि मगच फंक्शन हात लावतं. कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला दस्तलेखक, ज्याला सगळे बाँडरायटर म्हणतात, त्याचं वेगळं. त्याला तुम्ही सांगता, अमुक गटातली माझ्या हिश्शाची जमीन, पूर्वेला ओढा, पश्चिमेला रस्ता. तो शेतावर जाऊन काही मोजत नाही. तुमचे शब्द जसेच्या तसे घेऊन आपल्या ठरलेल्या मसुद्यात बसवतो आणि पक्का कागद तुमच्या हाती देतो. पुढे दुय्यम निबंधकांसमोर जातो तो हा कागद. तुम्ही टेबलाशी काय बोललात ते निबंधकांना कळतही नाही. मॅक्रो म्हणजे हा दस्तलेखक आणि कंपायलर म्हणजे निबंधक.

आता खरं काम बघू. मला लिस्पमध्ये ‘जर’ हवा होता. इफ आहेच, पण मला मराठीतला हवा होता. कशासाठी ते पुढे सांगते. उदाहरण आपल्याच तालुक्याचं घेऊ. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे, मुंबईचं जवळपास निम्मं पाणी तिथून जातं, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. (यावर वेगळा लेख होईल, आणि तो माझ्या रूममेटनं लिहावा.) धरणाची पूर्ण पातळी १४२.०७ मीटर. त्याच्या वर गेलं तर दरवाजे उघडायचे, नाहीतर थांबायचं. धरणावर लिस्प चालतं असं मी म्हणत नाहीये, हा खेळ माझ्या लॅपटॉपवरचा. पण शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाताना ज्यांनी सापगावचा पूल ओलांडलाय, त्यांना दरवाजे उघडणं म्हणजे काय ते सांगायला नको. आधी फंक्शन करून पाहू :

(डेफन जर (अट खरं खोटं)
  (इफ अट खरं खोटं))

दिसायला अगदी सोज्वळ. वापरताना :

(जर (>= पातळी १४२.०७) (दरवाजे-उघड) (थांब))

कॅशियरचा नियम आठवा. ‘जर’ फंक्शन असल्यामुळे तिन्ही गोष्टी आधी ‘मोजून काउंटरवर’ यायला हव्यात. अट तपासली जाईल, मग (दरवाजे-उघड) चालेल, मग (थांब) चालेल आणि त्यानंतर ‘जर’ विचार करायला बसेल, की यातलं कोणतं बरं हवं होतं! तोपर्यंत पाणी सापगावला. मे महिन्यात धरण तळाला असलं तरी दरवाजे उघडणारच. म्हणून ‘जर’ हे फंक्शन होऊच शकत नाही. (दोन्ही कामं लॅम्डात गुंडाळून दिली तर होतं, असं स्टाफरूममधून कोणीतरी नक्की म्हणेल. बरोबर आहे सर, पण मग प्रत्येक वापरात गुंडाळत बसायचं.) इथे दस्तलेखकच हवा :

(डेफमॅक्रो जर (अट क खरं ख खोटं)
  (अनलेस (अँड (ईक्यू क 'तर) (ईक्यू ख 'नाहीतर))
    (एरर "जर आहे, पण तर किंवा नाहीतर कुठे?"))
  `(इफ ,अट ,खरं ,खोटं))

शेवटच्या ओळीतलं ते उलटं अवतरणचिन्ह कीबोर्डवर टॅबच्या वर असतं. ते म्हणतं, पुढचा मजकूर हा छापील मसुदा आहे, जसाच्या तसा ठेव. आणि मसुद्यात जिथे स्वल्पविराम आहे तिथे रिकामी जागा आहे, तिथे गिऱ्हाइकाचे शब्द भर. एवढंच. आता असं लिहिता येतं :

(जर (>= पातळी १४२.०७) तर (दरवाजे-उघड) नाहीतर (थांब))

दस्तलेखकानं कागदावर नेमकं काय लिहिलं ते बघायची सोयही लिस्पमध्ये आहे. मॅक्रोएक्सपँड-१ ला ही ओळ दिली की तो दाखवतो :

(इफ (>= पातळी १४२.०७) (दरवाजे-उघड) (थांब))

‘तर’ आणि ‘नाहीतर’ गायब! निबंधकांपर्यंत ते पोचलेच नाहीत. मधल्या अनलेसच्या ओळी कशाला, असं वाटेल. त्या काढल्या तरी मॅक्रो चालतो, पण मग ‘तर’च्या जागी कोणी ‘भाकरी’ लिहिलं तरीही चालतो, आणि हॉस्टेलमध्ये असं लिहिणारे कमी नाहीत. या ओळी प्रोग्रॅम चालण्याआधीच, मसुदा तयार होतानाच तपासल्या जातात. आणि चूक दाखवतात ती मराठीत.

ही मराठीतली चूक मला ‘जर’पेक्षाही महत्त्वाची वाटते. मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी घरातलं, ऱ्हस्व-दीर्घ मी रूममेटकडून तपासून घेते (हा लेखसुद्धा). ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. फर्स्ट इयरला सीच्या लॅबमध्ये आम्ही शेजारी बसायचो. तेव्हापासून माझं एक मत झालंय. इफ, व्हाइल, रिटर्न हे शब्द मराठी मुलांना अडवत नाहीत. सीचे मूळ शब्द सगळे मिळून ३२, आठवड्यात पाठ होतात. अडवतो तो एररचा मेसेज. स्क्रीनवर इंग्रजीत चार ओळी येतात, त्यात नेमकी तक्रार काय आहे ते कळत नाही. मग पोरगी लॅबमध्ये गप्प बसते आणि सरांना वाटतं हिला लॉजिक जमत नाही. लॉजिक तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. बाकीच्या बहुतेक भाषांत हे मेसेज कंपायलर बनवणाऱ्यांच्या हातात असतात, आपण फक्त वाचायचे. लिस्पमध्ये निदान आपण घातलेल्या शब्दांपुरता तरी मेसेज आपल्या भाषेत आणि आपल्या अकलेनं लिहिता येतो. त्यासाठी कंपायलर उघडावा लागत नाही, कोणाला पत्र पाठवावं लागत नाही.

‘जर’ लिहून झाल्यावर रूममेट म्हणाली, “पण हे अजून इंग्रजीच वाटतंय गं. आपण ‘उघड दरवाजे’ कुठे म्हणतो? ‘दरवाजे उघड’ म्हणतो.” अगदी खरं! लिस्पमध्ये क्रियापद पहिलं, मराठीत शेवटी. पण प्रोग्रॅम जर यादीच आहे, तर शेवटचा शब्द उचलून पुढे ठेवायला कितीसा वेळ लागतो?

(डेफमॅक्रो मराठीत (&रेस्ट शब्द)
  (अपेंड (लास्ट शब्द) (बटलास्ट शब्द)))

इथे मसुद्याचं चिन्हही नाही. &रेस्ट म्हणजे जितके शब्द येतील तितके सगळे एका यादीत घे. शेवटचा पुढे, बाकीचे मागे. (मराठीत २ ३ +) लिहिलं की (+ २ ३) तयार होतं आणि उत्तर ५. आता :

(जर (मराठीत पातळी १४२.०७ >=)
 तर (मराठीत भातसाचे-दरवाजे उघड)
 नाहीतर (थांब))

मॅक्रोच्या आत मॅक्रो आला तरी बिघडत नाही, सगळे संपेपर्यंत कंपायलर एकेक उलगडत जातो. ‘मराठीत’ फक्त आपला बाहेरचा कंस फिरवतो, आतले कंस फिरवायचे तर स्वतःलाच पुन्हा बोलवावं लागेल. पण दोन ओळींत भाषेचा शब्दक्रम बदलला, हे सी किंवा जावात करून दाखवा!

आता दुसरी बाजू. मॅक्रो लिहिणं सोपं आहे, बरोबर लिहिणं तितकं नाही. समजा पूर्ण पातळीच्या वर किती पाणी चढलं ते हवंय. मोजपट्टी वाचायचं काम (पातळी-मोज) करतं. सरळ लिहिलं :

(डेफमॅक्रो जास्तीचं (मोज हद्द)
  `(इफ (> ,मोज ,हद्द) (- ,मोज ,हद्द) ०))

(जास्तीचं (पातळी-मोज) १४२.०७) उलगडून पाहिलं तर (पातळी-मोज) दोनदा दिसतं. तुलनेला एकदा, वजाबाकीला एकदा. मधे पाणी हललं की तुलना एका आकड्याची, वजाबाकी दुसऱ्याची. मग आपण शहाणपणानं एकदाच मोजतो आणि आकडा प नावाच्या डब्यात ठेवतो :

(डेफमॅक्रो जास्तीचं (मोज हद्द)
  `(लेट ((प ,मोज))
     (इफ (> प ,हद्द) (- प ,हद्द) ०)))

छान चालतं. महिनाभर चालतं. आणि एक दिवस दुसरा कोणीतरी हाच मॅक्रो वापरतो, ज्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण पातळीलाच प नाव दिलंय. तो लिहितो (जास्तीचं (पातळी-मोज) प). उलगडा :

(लेट ((प (पातळी-मोज)))
  (इफ (> प प) (- प प) ०))

प हा प पेक्षा मोठा कधीच नसतो. उत्तर कायम शून्य. धरण ओसंडतंय आणि प्रोग्रॅम म्हणतोय, सगळं ठीक आहे. एरर नाही, वॉर्निंग नाही. आधीच्या फंक्शनवाल्या ‘जर’नं दरवाजे उगाच उघडले असते, ते लगेच दिसलं तरी असतं. हे दिसतच नाही, म्हणून जास्त वाईट.

दस्तलेखकाच्या टेबलावर याचंच भावंड सापडेल. खरेदीखतात विकणाऱ्याला ‘लिहून देणार’ आणि घेणाऱ्याला ‘लिहून घेणार’ म्हणतात. समजा गिऱ्हाइकानं चतुःसीमा सांगताना एखाद्या जुन्या कागदावरून वाचलं, ‘उत्तरेस लिहून देणार यांचे शेत’. त्या जुन्या कागदातला लिहून देणार वेगळा माणूस होता. नव्या मसुद्यात ते शब्द जसेच्या तसे बसले की ते शेत आजच्या विकणाऱ्याचं झालं! शब्द तेच, माणूस बदलला. आणि असे वाद कोर्टात किती वर्षं चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

कॉमन लिस्पचा उपाय साधा आहे. मसुद्यातल्या डब्याला असं नाव द्यायचं, जे जगात दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही. जेनसिम नावाचं फंक्शन दर वेळी असं कोरं नाव तयार करून देतं :

(डेफमॅक्रो जास्तीचं (मोज हद्द)
  (लेट ((नाव (जेनसिम)))
    `(लेट ((,नाव ,मोज))
       (इफ (> ,नाव ,हद्द) (- ,नाव ,हद्द) ०))))

दोन लेट बघून गोंधळू नका. बाहेरचा दस्तलेखकाच्या डोक्यात चालतो, आतला कागदावर उमटतो. स्कीमवाल्यांना हा जेनसिमचा जुगाड पटला नाही. कोलबेकर, फ्रीडमन, फेलाइझेन आणि ड्युबा यांनी १९८६ मध्ये अशी पद्धत मांडली की नावांची सरमिसळ भाषेनंच आपोआप टाळावी. अशा मॅक्रोंना ‘स्वच्छ’ मॅक्रो म्हणतात. स्कीमच्या १९९८ च्या मानकात ते पक्के झाले. माझं मत विचाराल तर सुरुवात कॉमन लिस्पमध्ये करावी, कारण तिथे घाण स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. मग स्वच्छतेची किंमत कळते.

आणि स्पष्टच सांगायचं तर ‘जास्तीचं’साठी मॅक्रो लागतच नाही! साधं फंक्शन लिहिलं असतं तर मोजणी एकदाच झाली असती, नावांचा घोळही नसता. मी तो फक्त खड्डा दाखवायला घेतला. फंक्शननं भागत असेल तिथे फंक्शनच लिहावं. मॅक्रो दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येत नाही, वाचणाऱ्याला उलगडून बघावा लागतो, आणि मॅक्रो बदलला की तो वापरणाऱ्या सगळ्या फाइल्स पुन्हा कंपाइल कराव्या लागतात. दिलेलं काम लगेच करायचं नसेल (‘जर’सारखं), किंवा भाषेला नवी रचनाच शिकवायची असेल (‘मराठीत’सारखी), तेव्हाच दस्तलेखकाला बोलवा.

देवनागरीत टाइप करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. काही जोडाक्षरं टाइप करताना मधे न दिसणारं जोडचिन्ह पडतं. स्क्रीनवर दोन शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण लिस्पच्या लेखी ते वेगळे. ‘हे नाव माहीत नाही’ अशी तक्रार आली तर आधी तो शब्द पुसून पुन्हा टाइप करून बघा. म्हणूनच मी नावं ‘पातळी’, ‘हद्द’, ‘मोज’ अशी साधी ठेवली.

ज्यांना हात चालवायचेत त्यांच्यासाठी गृहपाठ. जोपर्यंत पातळी १४२.०७ च्या वर आहे तोपर्यंत दरवाजे उघडे ठेव आणि दर खेपेला गावांना सावध कर, हे असं लिहिता आलं पाहिजे :

(जोपर्यंत (> (पातळी-मोज) १४२.०७) तोपर्यंत
  (गावांना-सांग)
  (पाणी-सोड))

हा मॅक्रो उलगडून कॉमन लिस्पच्या लूप व्हाइल … डू या रचनेत बसतो. ‘तोपर्यंत’ विसरलं तर मराठीत ओरडला पाहिजे. आत कितीही ओळी येऊ शकतात, म्हणून &रेस्ट लागेल. आणि ती यादी मसुद्यात भरताना नुसता स्वल्पविराम पुरणार नाही, तर ,@ लागेल. ते चिन्ह यादीचा बाहेरचा कंस सोडवून आतल्या ओळी सुट्या करून मांडतं. उत्तरं मराठी विभागाच्या खोक्यात टाका. रूममेटचं उत्तर माझ्याकडे आलेलं आहे, चार ओळींत बसलंय.